मोहोळांतील मोकळी जागा

आमच्या भाषेंत माधुकरी असा एक सुंदर शब्द आहे. विद्यार्थ्यानें किंवा संन्याशानें चार घरीं जावें, प्रत्येक घरून थोडथोडें अन्न मागून आणावें, कोणत्याहि एका गृहिणीवर भार टाकूं नये, आणि तरीहि आपली क्षुधा शांत करावी, ह्या रीतीस आमच्या पूर्वजांनीं मधुकराचें नांव दिलें. फुलांतील रस न्यावा, पण फूल दुखवूं नये, ही मधमाशीची चाल त्यांच्या मनास इतकी पटली होती. परंतु ज्या मधमाशीपासून माणसानें हा धडा घेतला, तिच्या घरीं जातांना मात्र तो माधुकरी मागावयास गेला नाहीं. तो हातांत पेटता पलिता घेऊनच गेला. मोहोळास धूर द्यावा, माशा जाळाव्या किंवा उधळून लावाव्या, पोळें अंड्यापिलांसकट कापून पिळावें, आणि थोड्या मधासाठीं एक नांदतें गोकुळ उध्वस्त करावें, हा प्रकार आमच्या सह्याद्रीच्या रानांत जितका परिचित आहे, तितकाच तो युरोपांतील खेड्यापाड्यांतहि होता. तेथें तर माणसानें स्वतः घर करून दिलेल्या, अंगणांत बाळगलेल्या माशांचीहि हीच गति होत असे.

ही रीत पुढें पालटली. ती कशी पालटली ह्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि विचार करण्याजोगाहि आहे. माशांविषयीं कळवळा असलेले लोक युरोपांत पूर्वींहि होते. माशा मारणें हें कृतघ्नपणाचें कृत्य होय असें म्हणणारेहि होते. त्यांच्या कळवळ्यानें माशा वांचल्या नाहींत. दाटलेल्या मोहोळास आणखी जागा कोठें, केव्हां आणि किती द्यावी हें जेव्हां माणसास नेमकें कळूं लागलें, तेव्हां त्या वांचल्या. आणि ह्या ज्ञानाची किल्ली अखेर एका इंचाच्या तीन अष्टमांशांत सांपडली. ती सांपडेपर्यंत काय काय घडलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मोहोळांतील दाटी म्हणजे काय तें पाहूं. झाडाच्या ढोलींत किंवा भिंतीच्या पोकळींत राहणारी मधमाशी एकमेकांस समांतर अशीं अनेक पोळीं वरून खालीं लोंबतीं बांधते. पोळ्याच्या वरच्या भागांत मधाचा सांठा, त्याखालीं परागाचा पट्टा, आणि त्याखालीं अंडीं व पिलें, अशी ह्या घराची सर्वसाधारण मांडणी असते. म्हणजे कोठार माळ्यावर आणि बाळंतिणीची खोली खालच्या मजल्यावर. फुलांचा हंगाम सुरू झाला म्हणजे युरोपीय जातीची राणी दिवसास दीड हजारपर्यंत अंडीं घालूं लागते. अंडें घातल्यापासून एकवीस दिवसांनीं कामकरी माशी बाहेर पडते, आणि ऐन हंगामांत भरभराटीच्या मोहोळांतील माशांची संख्या पन्नास हजारांच्या घरांत जाते. घर मात्र होतें तेवढेंच राहतें.

मग वरून मध खालीं सरकूं लागतो आणि खालून अंडीं वर सरकूं पाहतात. एखादें पिलूं मोठें होऊन बाहेर पडलें व त्याचा खण रिकामा झाला, कीं त्यांत राणीनें अंडें घालावें कीं रानांतून आलेल्या माशीचा मध भरावा, असा प्रश्न उभा राहतो. जन्मून सुमारें बारा ते अठरा दिवस झालेल्या कामकरी माशांच्या पोटाखालीं मेणाचे बारीक पापुद्रे सुटतात. नवें पोळें बांधण्याचें काम मुख्यतः त्यांचें. परंतु बांधावयास जागाच उरली नाहीं तर ह्या गवंड्यांनीं करावें काय? घराच्या दाराशीं माशांचे घोस रिकामे लोंबूं लागतात. थोड्याच दिवसांत पोळ्याच्या कडेस भुईमुगाच्या शेंगेसारखे लांबट, खालीं तोंड असलेले खण दिसूं लागतात. हीं नव्या राण्यांचीं घरें होत. तीं बंद होतात न होतात तोंच, चांगलें ऊन पडलेल्या एखाद्या दिवशीं जुनी राणी अर्ध्याहून अधिक माशांसह घर सोडते. निघतांना प्रत्येक माशी वाटेची शिदोरी म्हणून पोटभर मध बरोबर घेते. मागें राहतें तें उरलेल्या माशांचें आणि अद्याप बाहेर न आलेल्या राणीचें घर.

वाढता संसार आणि अपुऱ्या खोल्या ह्यांमुळें एखादें मोठें एकत्र कुटुंब फुटतांना ज्या वाचकांनीं पाहिलें असेल, त्यांस ह्या वर्णनांत ओळखीचें कांहीं दिसल्यास नवल नाहीं. मात्र मोहोळ फुटण्यांत भांडण नसतें. एका मोहोळाचीं दोन मोहोळें होणें हा त्या जातीचा वंशविस्तार आहे, आणि निसर्गाच्या दृष्टीनें तें मंगलकार्यच होय. हानि होते ती पाळणाऱ्याची. ज्या वेळीं मध गोळा करण्यास सर्वांत अधिक हात हवे, नेमक्या त्याच वेळीं अर्धें मनुष्यबळ शिदोरी बांधून निघून जातें.

घरांत दाटी झाली हें माशांस कळतें तरी कसें, हा प्रश्न पुष्कळ काळ अनुत्तरित होता. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील संशोधनसंस्थेंत कॉलिन बटलर ह्यांनीं १९५४ च्या सुमारास असें दाखविलें कीं, राणीच्या अंगावरील एक द्रव्य तिच्या भोंवतालच्या माशा चाटून घेतात, आणि तें एकीकडून दुसरीकडे असें साऱ्या मोहोळांत पसरतें. राणी घरांत सुखरूप आहे, हा निरोपच जणूं त्या रूपानें फिरत असतो. तो पुरेसा मिळत आहे तोंवर कामकरी माशा सहसा नवी राणी करावयास घेत नाहींत. गर्दी फार झाली म्हणजे हा निरोप सर्वांपर्यंत पोंचत नाहीं. मोहोळ फुटण्यास दुसरींहि कारणें आहेत. परंतु दाटी हें त्यांतील एक प्रमुख कारण, आणि मनुष्याच्या हातीं असलेलें कारण होय.

आतां युरोपांतील जुन्या मधपाळांकडे वळूं. त्यांनीं माशांस दिलेलें घर म्हणजे गवताची वळकटी शिवून केलेली, उपडी घातलेली टोपली. इंग्लंडांत चार्ल्स बटलर नांवाच्या एका धर्मोपदेशकानें १६०९ सालीं मधमाशांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मोहोळाची स्वामिनी राजा नसून राणी आहे, ही गोष्ट इंग्रज वाचकांच्या मनांत ह्या ग्रंथानें रुजविली, व स्त्रीराज्याची कल्पना त्यानें ग्रंथाच्या नांवांतच गोंविली. परंतु ह्या स्त्रीराज्यांतील प्रजेचा शेवट वर्षाअखेर कसा होत असे? टोपलींतील पोळीं आंतल्या अंगास पक्कीं चिकटलेलीं असत. तीं कापल्यावांचून बाहेर येत नसत, आणि माशा आंत असतां तीं कापवत नसत. म्हणून शरदृतु आला कीं मधपाळ आपल्या टोपल्या हातानें उचलून त्यांचें वजन अजमावी. सर्वांत जड असतील त्यांत मध पुष्कळ; सर्वांत हलक्या असतील त्यांतील माशा हिंवाळा निभावणार नाहींत; म्हणून ह्या दोन्ही प्रकारच्या टोपल्या गंधक जळत असलेल्या खड्ड्यावर ठेवीत आणि आंतील माशा गुदमरून मारीत. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढील वर्षासाठीं राखीत. ज्या मोहोळानें सर्वांत अधिक कष्ट केले, त्यास मरणाची शिक्षा प्रथम, असा हा न्याय होता.

ह्यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दाटी हा ह्या पद्धतींतील दोष नसून तिचा पायाच होता. टोपल्या मुद्दाम लहान ठेवीत. त्या लवकर भरत, मोहोळें लवकर फुटत, फुटलेले थवे नव्या टोपल्यांत घालीत, आणि अशा रीतीनें मारलेल्यांची भरपाई होई. माशांस मोकळी जागा दिली तर त्या फुटणार नाहींत. फुटल्या नाहींत तर पुढल्या वर्षीं मारावयास मोहोळें कोठून आणावीं? एक वाईट रीत दुसऱ्या वाईट रीतीवर कशी टेंकून उभी असते, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे. अशा ठिकाणीं केवळ एकीची निंदा करून भागत नाहीं.

तथापि जागा देण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. टोपलीखालीं गवताचें एक कडें घालून तिची उंची वाढविण्याची युक्ति इंग्लंडांत फार जुनी आहे. ह्या कड्यास 'ईक' म्हणत. ईक म्हणजे भर, पुरवणी. त्यानें माशांस जागा मिळे, पण माणसास मध मिळत नसे. कारण माशा जुनींच पोळीं खालीं वाढवीत, राणी अंडीं घालीत खालीं येई, आणि मधाचा सांठा वरच अडकून राही. म्हणून कोणी टोपलीच्या शेंड्यास भोंक पाडून वर दुसरी लहान टोपली किंवा कांचेचें भांडें उपडें ठेवूं लागले. कोठार माळ्यावर असतें, तर नवा मजलाहि वरच चढवावा, हा विचार बरोबर होता. १८१९ सालीं स्कॉटलंडांतील स्ट्यूअर्टन गांवच्या रॉबर्ट केर नांवाच्या कारागिरानें अष्टकोनी लांकडी पेट्या एकीवर एक रचण्याची सोय केली. पुढें १८३२ सालीं टॉमस नट ह्या इंग्रज गृहस्थानें मधल्या पेटीच्या दोन्ही बाजूंस मधासाठीं वेगळ्या पेट्या जोडण्याची रचना प्रसिद्ध केली, आणि आपल्या पुस्तकास 'मधमाशांविषयीं माणुसकी' अशा अर्थाचें नांव दिलें. तें नांव वाचून मनुष्याची ह्या बाबतींतील मनोदेवता जागी झाली होती ह्याबद्दल संशय राहत नाहीं.

परंतु मनोदेवता जागी होणें वेगळें आणि हातास उपाय सांपडणें वेगळें. ह्या साऱ्या युक्त्यांत एक उणीव राहिलीच. नव्या पेटींतहि माशा पोळीं बांधीत तीं भिंतीस आणि छतास चिकटवूनच. पेटी बाहेरून वाढवितां येई. आंत काय चाललें आहे तें कळत नसे. राणीस जागा अपुरी पडते आहे काय, नव्या राण्यांचीं घरें झालीं आहेत काय, मध किती सांठला, हें सारें अंदाजावर. वैद्यानें रोग्याच्या घराची भिंत चांचपून औषध द्यावें, तशांतला हा प्रकार होता.

घराच्या आंत पाहण्याची सोय प्रथम ज्यानें चांगली केली, तो स्वतः दृष्टिहीन होता. जिनीव्हा येथील फ्रांस्वा ह्यूबर ह्याची दृष्टि तरुणपणींच गेली. त्याचा सेवक फ्रांस्वा बुर्नां हा त्याचे डोळे झाला. ह्यूबरनें प्रश्न विचारावे, प्रयोग योजावे, आणि बुर्नांनें तासन् तास पाहून काय दिसलें तें सांगावें, अशा जोडीनें त्यांनीं जें शोधिलें, तें १७९२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. ह्यूबरची पेटी पुस्तकासारखी होती. तिच्या एकेका पानांत एकेक पोळें. पानें उलगडावीं आणि मोहोळ वाचावें. अभ्यासासाठीं ती अमोल ठरली. परंतु पानें मिटतांना माशा चिरडत, आणि नित्याच्या धंद्यास ती सोयीची नव्हती. पुढें १८१४ सालीं युक्रेनमध्यें पेट्रो प्रोकोपोविच ह्यानें मधाच्या वरच्या कप्प्यांत काढतां येतील अशा चौकटी बसविल्या, आणि तो कप्पा व पिलांचें घर ह्यांमध्यें कामकरी माशांपुरत्या फटी असलेली फळी घातली, म्हणजे राणी वर येऊं नये. त्यानें १८२८ सालीं मधमाशीपालनाची शाळाहि काढली. परंतु खालचें पिलांचें घर त्याच्याहि पेटींत स्थिर पोळ्यांचेंच राहिलें. सायलीशियांतील झिएर्झोन ह्या धर्मोपदेशकानें पोळीं पट्ट्यांवर टांगलीं, पण त्यांच्या कडा भिंतींस चिकटत. प्रत्येक वेळीं सुरी घेऊन त्या सोडवाव्या लागत. मोहोळ उघडावयाचें म्हणजे घायाळ करावयाचें, हा प्रश्न सुटला नव्हता.

तो सुटला अमेरिकेंत, आणि सोडविणारा पुन्हां एक धर्मोपदेशकच होता. लोरेंझो लँगस्ट्रॉथ ह्याचा जन्म १८१० सालीं फिलाडेल्फिया येथें झाला. १८३८ सालीं एका मित्राच्या दिवाणखान्यांत मेजावर ठेवलेला, पोळ्यानें भरलेला कांचेचा गोल त्याच्या दृष्टीस पडला. मित्रानें त्यास माळ्यावर नेऊन आपल्या माशा दाखविल्या, आणि घरीं परततांना लँगस्ट्रॉथनें दोन मोहोळें विकत घेतलीं. त्यास मनाच्या उदासीनतेचे दीर्घ झटके येत. अशा वेळीं उपदेशाचें वा अध्यापनाचें काम त्यास सोडावें लागे. माशांच्या सहवासांत, मोकळ्या हवेंत, त्याच्या मनास विसांवा मिळे. म्हणून त्यानें माशांकडे लक्ष दिलें, आणि ह्यूबरचा ग्रंथ अभ्यासिला.

लँगस्ट्रॉथनेंहि प्रथम पट्ट्यांचीच पेटी वापरली. पट्ट्यांवरचें झांकण माशा चिकवटानें इतकें पक्कें बसवीत कीं तें निघतां निघत नसे. म्हणून त्यानें पट्टी आणि झांकण ह्यांमध्यें सुमारें तीन अष्टमांश इंचाची मोकळी फट ठेवून पाहिली, तों माशांनीं ती फट बुजविली नाहीं व तींत पोळेंहि बांधलें नाहीं. ती त्यांनीं जाण्यायेण्याची वाट म्हणून तशीच राखिली. १८५१ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ३० तारखेस सायंकाळीं माशांकडून घरीं परत येत असतां त्यास एकाएकीं सुचलें कीं, जी फट झांकणाखालीं ठेविली, तीच चोहोंकडे कां ठेवूं नये? पोळें पट्टीवर न टांगतां चारी बाजूंच्या चौकटींत बांधूं द्यावें, आणि चौकट व पेटीची भिंत ह्यांमध्यें तेंच अंतर राखावें, म्हणजे पोळें भिंतीस चिकटणारच नाहीं. हा विचार सुचतांच भर रस्त्यांत आनंदानें ओरडावेंसें वाटलें, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे.

ह्या शोधाचें मर्म वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. सुमारें पाव इंचाहून अरुंद फट दिसली कीं माशा ती झाडांच्या चिकवटानें बुजवितात. तीन अष्टमांश इंचाहून रुंद दिसली कीं तींत पोळें बांधतात. ह्या दोहोंमधील अंतर तेवढें त्या मोकळें ठेवितात. पाठीला पाठ लावून दोन माशांस आपापल्या पोळ्यावर काम करतां यावें व चालतां यावें, एवढीच ती वाट. हें माप लँगस्ट्रॉथनें माशांवर लादलें नाहीं. झाडाच्या ढोलींत त्या युगानुयुगें असेंच माप पाळीत आल्या होत्या. माणूस मात्र त्यांस कधीं फार अरुंद, कधीं फार रुंद घर देत आला होता, आणि मग त्या सारें चिकटवून टाकतात म्हणून त्यांजवर रागावत होता. लँगस्ट्रॉथनें इतकेंच केलें कीं माशांचें माप माशांस परत दिलें. त्याबरोबर पेटी पुस्तकाप्रमाणें उघडूं लागली, कोणतीहि चौकट कापाकापीवांचून वर येऊं लागली, आणि एका पेटीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे मजले हवे तेव्हां चढवितां व उतरवितां येऊं लागले. १८५२ सालीं त्यास ह्या पेटीचें पेटंट मिळालें, व पुढील सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एक दार उघडलें म्हणजे मागोमाग दुसरीं उघडतात. १८५७ सालीं जर्मनींत योहानेस मेहरिंग ह्यानें षट्कोनी खणांचे ठसे उमटविलेला मेणाचा पत्रा केला. तो चौकटींत बसवून दिला कीं माशांस पायाभरणी आयती मिळे. १८६५ सालीं फ्रान्झ ह्रुश्का ह्या लष्करी अधिकाऱ्यानें पोळें गरगर फिरवून त्यांतील मध बाहेर उडविण्याचें यंत्र दाखविलें. आतां पोळें पिळण्याचें कारण उरलें नाहीं. मध काढावा आणि रिकामें पोळें जसेंच्या तसें परत द्यावें. मेण करण्यास माशांस त्याच्या कित्येक पट मध खावा लागतो, हें जाणणारास ह्या परत देण्याचें मोल सहज समजेल. ज्या गृहस्थानें पूर्वीं घर जाळून धान्य लुटलें असतें, तो आतां धान्याचा वांटा घेऊन कणगी परत आणून देऊं लागला.

येथें असा समज होण्याचा संभव आहे कीं, जागा द्यावयाचीच तर ती आरंभींच भरपूर कां देऊं नये? हा उदारपणा माशांस मानवत नाहीं. पिलांस ऊब लागते, आणि ती माशा आपल्या अंगानें देतात. थोड्या माशांच्या डोक्यावर मोठा रिकामा मजला चढविला तर ऊब वर निघून जाते. शिवाय ज्या पोळ्यावर माशांचा पहारा नाहीं, तेथें मेणकिडा शिरतो व तें पोळें पोखरून टाकतो. म्हणून जाणता मधपाळ वाट पाहतो. खालच्या पेटींतील बहुतेक चौकटी माशांनीं भरून गेल्या, चौकटींच्या वरच्या कडांवर नव्या पांढऱ्या मेणाची रेघ दिसूं लागली, कीं तो वरचा मजला चढवितो. आणि तो नव्या राण्यांचीं घरें दिसण्यापूर्वीं चढवितो. एकदां जाण्याचा निश्चय झाल्यावर दिलेली जागा बहुधा फुकट जाते. ही गोष्ट माशांपुरतीच खरी आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवाय जागा कोठें हवी, हाहि प्रश्न आहेच. वर मधाचा मजला रिकामा असूनहि मोहोळ फुटतें, हा अनुभव पुष्कळांस आला. १८९२ सालीं अमेरिकेंतील डेमरी ह्या मधपाळानें त्यावर उपाय सुचविला. राणीस खालच्या पेटींत रिकाम्या पोळ्यांवर ठेवावें, पिलांच्या चौकटी जाळीच्या वर, वरच्या मजल्यावर न्याव्या, म्हणजे राणीस अंडीं घालावयास व दायांस पसरावयास दोन्हीकडे जागा होते. १९२१ सालीं अमेरिकन सरकारच्या शेतकीखात्यांतील डेमथ ह्यानेंहि हेंच प्रतिपादिलें कीं, बाधते ती पिलांच्या घरांतील दाटी. एकंदर पेटी मोठी असली म्हणून भागत नाहीं. कोठार रिकामें आहे म्हणून बाळंतिणीची अडचण दूर होत नाहीं, हें आमच्या गृहिणींस कोणी सांगावयास नको.

माशा स्वतः जागेचें माप किती काळजीनें घेतात, हें त्यानंतरच्या संशोधनानें दाखवून दिलें आहे. फुटून बाहेर पडलेला थवा झाडाच्या फांदीस लटकून राहतो, आणि शोध घेणाऱ्या कांहीं माशा नवें घर पाहावयास जातात. अमेरिकन संशोधक टॉमस सीली ह्यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, ही माशी अंधाऱ्या पोकळींत भिंतींवरून चालून तिचा विस्तार अजमाविते. सीली ह्यांनीं पोकळीची भिंतच फिरती केली. चालावें लागणारें अंतर वाढलें कीं माशीस घर मोठें वाटे, कमी झालें कीं लहान वाटे. सुमारें दहा लिटरांहून लहान पोकळी थवा बहुधा नाकारतो; चाळीस लिटरांच्या आसपासची त्यास पसंत पडते. घर पाहावयास जाणाऱ्या कोणत्याहि शहाण्या माणसाहून ही माशी कमी चिकित्सक नाहीं.

आमच्या देशांत ह्या पेटीचा प्रवेश झाला तेव्हां पुन्हां मापाचाच प्रश्न उभा राहिला. आमच्याकडील सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान, तिचे खण लहान, तिचें मोहोळहि लहान. परदेशी मापाची पेटी म्हणजे तिला चौसोपी वाडाच. त्यांत ती रमावी कशी? दक्षिणेंत त्रिचनापल्ली येथील पाद्री न्यूटन ह्यांनीं १९१० नंतरच्या दशकांत सातेरीच्या अंगाजोगी लहान पेटी योजिली, लोकांस ती वापरावयास शिकविलें, आणि ती पेटी त्यांच्याच नांवानें प्रसिद्ध झाली. तिच्या खालच्या मजल्यांत सात चौकटी. महाबळेश्वराच्या डोंगरांत जांभूळ व हिरडा फुलतो, आणि कित्येक वर्षांच्या अंतरानें एकदांच कारवीचें रान बहरतें, तेथें अशा पेट्यांनीं कित्येक कुटुंबांस जोडधंदा दिला. १९६२ सालीं पुण्यास मधमाशीसंशोधनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि २०२२ सालीं महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. तरी सातेरीचा स्वभाव तोच आहे. जागा दाटली तर ती फुटते. आणि अन्नाची टंचाई झाली किंवा मेणकिड्यानें घर पोखरलें, तर सारें मोहोळच घर टाकून निघून जातें. तिला कोंडून ठेवितां येत नाहीं. राहण्याजोगें घर ठेविलें तरच ती राहते.

आतां लँगस्ट्रॉथचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करूं. ज्याच्या पेटीनें मधाचा धंदा उभा राहिला, त्यास तिनें धन दिलें नाहीं. लोकांनीं ती खुशाल उचलली. पेटंटाचे हक्क राखण्यासाठीं कज्जे करावे लागले, आणि त्यांत हातीं लागण्यापेक्षां गेलेंच अधिक. उदासीनतेच्या झटक्यांनीं त्याची शेवटपर्यंत पाठ सोडली नाहीं. १८९५ सालच्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस डेटन येथें प्रार्थनामंदिरांत प्रवचनास आरंभ करीत असतां त्याचा अंत झाला. माशांच्या कष्टाचें फळ दुसऱ्यानें न्यावें, हें आमच्या सुभाषितकारांनीं पुष्कळ वेळां वर्णिलें आहे. माशांच्या ह्या उपकारकर्त्याच्या वांट्यासहि तेंच आलें. जगांत आज सर्वांत अधिक वापरली जाणारी पेटी मात्र त्याच्याच नांवानें ओळखली जाते.

पण ह्या इतिहासाचा शेवट केवळ गोड करून चालणार नाहीं. ज्या पेटीनें माशांचे प्राण वांचविले, तिनेंच त्यांचा सर्व मध काढून नेण्याची सोयहि माणसास करून दिली. चौकट सहज वर येते, म्हणून हात कोठें थांबवावा ह्याचें बंधन राहत नाहीं; मध सारा न्यावा आणि बदल्यांत साखरेचें पाणी ठेवावें, इतपत हिशेबी लोकहि निघाले. पूर्वींचा मधपाळ माशा मारी, कारण त्यास दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. आजच्या मधपाळास तें निमित्त उरलेलें नाहीं. ज्ञानानें त्याच्या हातांतील पलिता काढून घेतला, तो लोभानें पुन्हां दुसऱ्या रूपानें त्याच्या हातीं देऊं नये, एवढेंच मागणें आहे. माधुकरी मागणारा दाराशीं उभा राहतो, तो घरांतील साऱ्यांचें जेवण मागत नाहीं. त्यास एक घांस पुरतो, आणि घर नांदतें राहावें ह्यांत त्याचाहि स्वार्थ असतो. मोहोळावर वेळच्या वेळीं एक मजला चढवावा, त्यांत माशांस आपल्या मापानें बांधूं द्यावें, त्यांच्या पुरतें त्यांस ठेवून वरचें तेवढें न्यावें. मधुकराच्या घरीं माधुकरी मागण्याची रीत ती हीच.